स्मरणिका छापून झाली, कागद कुठे गेले?

मुंबईतले एखादे लहान महाविद्यालय पंचवीस किंवा पन्नास वर्षांचे झाले, की सगळ्यांत आधी ठरते ती स्मरणिका. संपादक मंडळ नेमले जाते, माजी प्राचार्यांकडून लेख मागवले जातात, शुभेच्छासंदेश गोळा होतात आणि मग कोणीतरी कार्यालयातल्या कपाटावरचे जुने अल्बम खाली काढायला सांगते. पायाभरणीचा समारंभ, पहिले स्नेहसंमेलन, आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची ढाल घेऊन उभा असलेला संघ, अशी छायाचित्रे पानांवरून सोडवून मुद्रकाकडे जातात. स्मरणिका वेळेवर निघते, प्रकाशनही थाटात होते. छायाचित्रे मात्र परत येत नाहीत. आलीच तर एका पाकिटात एकत्र कोंबून येतात, आणि अल्बमच्या पानावर त्यांच्याखाली कोणीतरी शाईने लिहिलेल्या नावांच्या ओळींपासून ती कायमची तुटलेली असतात. अनेक वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केल्यावर आणि निवृत्तीनंतर तिथलेच जुने कागद लावण्याचे काम हौसेने अंगावर घेतल्यावर माझे मत असे झाले आहे, की लहान महाविद्यालयाच्या इतिहासाचे जेवढे नुकसान वाळवी आणि पावसाने होते, त्याहून अधिक तो इतिहास साजरा करण्याच्या उत्साहाने होते.

मोठ्या आणि जुन्या महाविद्यालयांची गोष्ट वेगळी आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची, आणि त्याच्या पहिल्या पदवीधरांची तुकडी १८६२ची; त्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. असे विद्यार्थी ज्या संस्थेच्या हजेरीपटावर असतील, तिचे कागद शोधायला अभ्यासक आपणहून येतात. सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेन्री हेरास यांनी १९२६मध्ये इतिहास संशोधनाची संस्था उभी केली, आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याच महाविद्यालयातला वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांचा ब्लॅटर संग्रह त्याहूनही जुना आहे. काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे दफ्तरच आहे. त्या भागात संग्रह म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

परळ, दादर, मुलुंड, विलेपार्ले, वसई अशा ठिकाणी एखाद्या शिक्षणसंस्थेने शाळेच्याच इमारतीत सकाळचे वर्ग भरवून सुरू केलेल्या महाविद्यालयाकडे असे कोणी येत नाही. तिथून कोणी रानडे बाहेर पडलेले नसतात. तिथून बँकेतले कारकून, शाळामास्तर, महापालिकेतले निरीक्षक, विम्याचे प्रतिनिधी आणि आपल्या घराण्यात पहिल्यांदाच पदवी घेतलेल्या मुली बाहेर पडलेल्या असतात. या शहराचा मध्यमवर्ग कसा घडला हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला एल्फिन्स्टनच्या कागदांपेक्षा या महाविद्यालयांचे कागद अधिक काही सांगतील असे मी ठामपणे म्हणेन. हे कागद शिल्लक राहिले पाहिजेत, एवढीच अडचण आहे.

संस्था कोणत्या घटनेतून जन्मली याचा माग काढताना एक गोष्ट लवकर लक्षात येते, की तिचे स्थापनेचे कागद एका जागी कधीच नसतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. संस्था आधीच्या वर्षी स्थापन झाली होती. म्हणजे महाविद्यालयाचा इतिहास महाविद्यालयाच्या आधी, संस्थेच्या कागदांत सुरू होतो. जय हिंद महाविद्यालय १९४८मध्ये निघाले ते फाळणीनंतर कराचीच्या डी. जे. सिंध महाविद्यालयातून मुंबईत आलेल्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने. ज्या वर्गांत ते शिकवत होते, त्या वर्गांचे हजेरीपट आणि निकालपत्रके सीमेपलीकडे राहिली. ही दोन्ही नावाजलेली उदाहरणे आहेत, पण लहान संस्थांच्या बाबतीतही पद्धत तीच.

आमच्या महाविद्यालयाचा आरंभ शोधताना मला तीन दारे ठोठवावी लागली आणि तिन्ही उपयोगी पडली. पहिले दार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचे. शिक्षणसंस्था बहुधा १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५०च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली अशी दोन्हीकडे नोंदलेली असते, त्यामुळे तिची घटना, पहिल्या विश्वस्तांची नावे, मालमत्तेची यादी आणि कार्यकारिणी बदलली की दाखल करावा लागणारा बदल अर्ज, हे सारे त्या कार्यालयात जमा होत जाते. संस्थेच्या स्वतःच्या कपाटात जे हरवले ते तिथे नकलेच्या रूपाने सापडू शकते. दुसरे दार विद्यापीठाच्या संलग्नता विभागाचे. नवे महाविद्यालय किंवा नवा विषय सुरू करायचा म्हटले, की विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती येऊन वर्गखोल्या, ग्रंथालयातली पुस्तके, प्रयोगशाळा आणि शिक्षकांची पात्रता पाहून अहवाल देते. स्मरणिकेत ‘अल्पावधीत भरीव प्रगती’ असे जे वाक्य हमखास असते, त्याच्या शेजारी त्या वर्षीचा समितीचा अहवाल ठेवून वाचावा. वाचनालयात पंख्याची सोय नाही आणि मुलींसाठी स्वतंत्र खोली नाही हे त्यात सरळ लिहिलेले असते. तिसरे दार उच्च शिक्षण सहसंचालकांचे, कारण अनुदानाचा प्रत्येक रुपया पदांच्या मंजुरीशी जोडलेला असतो आणि पदमंजुरीच्या पत्रव्यवहारातून कोणता विषय वाढला आणि कोणता विषय हळूहळू बंद पडला हे दिसते. संस्कृतचे पद रिक्त राहिले आणि मग कायमचे गेले, ही गोष्ट कोणत्याही स्मरणिकेत मी वाचलेली नाही.

परंतु खरा खजिना महाविद्यालयाच्या कार्यालयातच आहे, आणि त्याला खजिना म्हणताच तिथला मुख्य लिपिक हसतो. सर्वसाधारण नोंदवही, जिला सगळे ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात, ही या साऱ्या कागदांची राणी. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, आधीची शाळा, पालकाचा व्यवसाय, पत्ता, प्रवेशाची तारीख आणि महाविद्यालय सोडल्याचे कारण, एवढे रकाने एका ओळीत. कार्यालयाच्या लेखी तिचा उपयोग एकच, जुन्या विद्यार्थ्याला दाखल्याची दुसरी प्रत द्यायची असेल तेव्हा. म्हणूनच ती टिकते. जिचा रोजच्या कामात उपयोग आहे अशी वही कोणी रद्दीत घालत नाही. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर हे रकाने वर्षामागून वर्ष सलग वाचत जाणे म्हणजे त्या परिसराचे चरित्र वाचणे आहे.

आमचे महाविद्यालय गिरणगावाच्या कडेला आहे. सत्तरच्या दशकातल्या नोंदवह्यांत पालकाच्या व्यवसायापुढे ‘गिरणी कामगार’ हे शब्द इतक्या वेळा येतात, की लिहिणाऱ्या कारकुनाने पुढे पुढे वरच्या ओळीसारखेच, अशा अर्थाची दोन टिंबे देऊन भागवले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. नोंदवहीत तो हळूहळू येतो. आधी शुल्कमाफीच्या अर्जांची फाईल जाड होते. मग व्यवसायाच्या रकान्यात वॉचमन, भाजीविक्री, ‘गावी शेती’ असे शब्द दिसू लागतात. मग ‘सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘नोकरी’ हे कारण पहिल्याच वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढेही येते. आणि पुढच्या वीस वर्षांत पत्ते सरकत जातात. लालबाग, काळाचौकी, शिवडी यांच्या जागी डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार. महाविद्यालय जागेवरच राहिले आणि त्याचा परिसर रेल्वेच्या मार्गाने दूर निघून गेला. हे मला कोणी सांगितले नव्हते, पत्त्यांच्या रकान्यातूनच कळले.

ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या शुल्कसवलतीच्या अर्जांना जोडलेले उत्पन्नाचे दाखले, ग्रंथालयाची दाखलनोंद वही, जिमखान्याची खर्चाची वही, यंत्रे-सामानाची नोंद असलेले डेडस्टॉक रजिस्टर, वसतिगृह असेल तर त्याच्या खानावळीचा हिशेब, आवक-जावक नोंदवही, हे सारे याच जातीचे. यांतली आवक-जावक वही मला विशेष प्रिय आहे, कारण मूळ पत्र हरवले असले तरी ते कोणाकडून, कोणत्या तारखेला, कशाविषयी आले याची एक ओळ तिथे असते, आणि जे हरवले त्याची यादी हाताशी असणे हेही संग्रहाचे मोठे भांडवल आहे. दाखलनोंद वहीतून ग्रंथालयाची आवड कळते. कोणत्या वर्षी कादंबऱ्या आल्या, कोणत्या वर्षी एकदम स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शिका आल्या, कोणी प्राध्यापकाने निवृत्त होताना आपली पुस्तके भेट दिली. डेडस्टॉक रजिस्टर कंटाळवाणे वाटते खरे. पण सायक्लोस्टाईल यंत्र कधी आले, त्याचे निर्लेखन कधी झाले आणि पहिला संगणक कोणत्या विभागाच्या खोलीत बसला, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेले नसते.

वार्षिकांकाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण महाविद्यालयाच्या इतिहासाचे साधन म्हणून पहिल्यांदा सगळ्यांना तोच आठवतो. तो मोलाचा आहेच. मराठी विभाग, हिंदी विभाग, इंग्रजी विभाग, क्वचित गुजराती आणि संस्कृत, अशी त्याची रचना असते आणि विभागांच्या पानांची संख्या वर्षागणिक कशी कमी-अधिक झाली याची नोंद ठेवली, तर वर्गातली भाषा कशी बदलली याचे उत्तर मिळते. १९७५मध्ये दहावीनंतरच्या अकरावी-बारावीची पद्धत आल्यावर अंकात लिहिणाऱ्यांचे वय एकदम कमी होते. त्याआधी अकरावीची एस.एस.सी. होऊन मुले थेट पदवीच्या पहिल्या वर्गात येत असत. तरीही साहित्यिक मजकुरापेक्षा दोन भाग मला अधिक बोलके वाटतात. एक म्हणजे मंडळांचे अहवाल, म्हणजे वाङ्मय मंडळ, राष्ट्रीय सेवा योजना, जिमखाना, नियोजन मंडळ. त्यांत कोण पाहुणे आले, शिबिर कोणत्या गावात झाले, नाटकाला कोणते पारितोषिक मिळाले, हे तारखांसह असते. दुसरा भाग म्हणजे मागच्या पानांवरच्या जाहिराती. रस्त्यावरचे भांडार, क्लासवाले, छापखाना, छायाचित्रकार, इराण्याचे हॉटेल, सहकारी बँक. यांतल्या पुष्कळ दुकानांचा दुसरा कसलाही छापील पुरावा उरलेला नसेल. वार्षिकांकांची बांधणी करताना जाड होतात म्हणून जाहिरातींची पाने आणि मुखपृष्ठे काढून टाकण्याची जी पद्धत ग्रंथालयांत होती, तिच्याबद्दल आमच्या व्यवसायाला चांगले बोलणे कठीण आहे.

आता मांडणीविषयी. ग्रंथपालाच्या हाती कागद दिले, की त्याचा पहिला विचार विषयवारीचा असतो: क्रीडेचे सगळे एकीकडे, इमारतीचे सगळे दुसरीकडे, पत्रव्यवहार तारखेने. पुस्तकांसाठी हा विचार योग्य आहे. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र असते, ते कोणत्याही फळीवर ठेवले तरी त्याचा अर्थ बदलत नाही. कार्यालयीन कागदाचे तसे नाही. त्याचा निम्मा अर्थ त्याच्या शेजारच्या कागदात असतो. एका कार्यालयातून निर्माण झालेले कागद दुसऱ्या कार्यालयाच्या कागदांत मिसळू नयेत, हे तत्त्व फ्रान्सच्या पुराभिलेखागारांनी १८४१मध्ये नियम म्हणून स्वीकारले, आणि त्या कार्यालयाने ज्या क्रमाने ते ठेवले तो क्रमही मोडू नये, ही त्याची पुढची पायरी. आपल्याकडे पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधलेले असतात आणि अभ्यासक आजही रुमाल क्रमांकाने संदर्भ देतात, त्यामागची सोय हीच आहे.

याचे व्यवहारातले उदाहरण सांगते. एका प्राचार्यांच्या टेबलाच्या खणातून निघालेल्या फायलीत जिमखान्याच्या मैदानाविषयीचे महापालिकेचे पत्र, एका विद्यार्थ्याच्या पालकाची तक्रार, कंत्राटदाराचे दरपत्रक आणि प्राध्यापकांच्या सभेच्या इतिवृत्ताचे एक पान, असे चार कागद एका टाचणीत होते. विषयवार लावले असते तर ते चार वेगळ्या खोक्यांत गेले असते आणि प्रत्येक किरकोळ ठरला असता. एकत्र वाचले की कळते, की मैदानाच्या कुंपणावरून वाद झाला होता, मुलाला मार लागला होता, पालकाने तक्रार केली होती आणि म्हणूनच त्या वर्षी अंदाजपत्रकात नसलेली भिंत बांधली गेली. ती टाचणी गंजली होती, म्हणून काढली. पण चारही कागद एका दुमडलेल्या जाड कागदात एकत्र ठेवले आणि वर पेन्सिलीने तसे लिहिले.

हा क्रम सर्वांत जास्त मोडला तो नॅकच्या तयारीत, हे मी कोणाला दोष न देता लिहिते आहे. नॅक म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करून श्रेणी देणारी राष्ट्रीय परिषद, तिची स्थापना १९९४ची. मूल्यांकनाची फेरी आली की निकषांप्रमाणे पुराव्यांच्या फायली लावाव्या लागतात आणि त्यासाठी जुन्या फायलींमधून कागद उपसले जातात. समिती जाते, श्रेणी मिळते, आणि निकषवार फायली तशाच राहतात. गंमत अशी, की आणखी तीस वर्षांनी या निकषवार फायलीच एक स्वतंत्र संग्रह म्हणून वाचल्या जातील आणि महाविद्यालये स्वतःला बाहेरच्या डोळ्यांपुढे कशी मांडत होती हे त्यांतून दिसेल. म्हणून त्याही मोडायच्या नाहीत. फक्त यापुढे मूळ कागदाऐवजी झेरॉक्स लावा आणि मूळ कुठून काढला ते तिच्यावर लिहा, एवढे कार्यालयाने मान्य केले तरी पुष्कळ झाले.

मुंबईची हवा हा या कामातला न बदलणारा भाग आहे. पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता कागदाला सोसणाऱ्या मर्यादेच्या बरीच वर असते. ती पासष्ट टक्क्यांवर दीर्घकाळ राहिली की बुरशीला अनुकूल वातावरण तयार होते. त्यात जुन्या कागदांना इमारतीतली सर्वांत वाईट जागा मिळते: जिन्याखाली, पोटमाळ्यावर, नाहीतर पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या खोलीत. वातानुकूलन बसवले म्हणजे प्रश्न सुटला असे विश्वस्तांना वाटते, पण दिवसा चालू आणि रात्री बंद अशा यंत्राने आर्द्रता रोज खाली-वर होते आणि ती स्थिर ओलाव्यापेक्षाही अधिक त्रासदायक ठरते. त्यापेक्षा पहिल्या मजल्यावरची, ज्या भिंतीवर थेट पाऊस येत नाही अशी खोली, भिंतीपासून दूर ठेवलेली लोखंडी कपाटे, जमिनीपासून उंच तळफळी आणि हवा खेळती ठेवणारा पंखा, एवढे मिळाले तर ते जास्त उपयोगाचे. पोथ्यांच्या बासनात वेखंड आणि कडुलिंबाचा पाला ठेवण्याची जुनी रीत निरुपद्रवी आहे. डांबराच्या गोळ्यांनी गच्च भरलेले कपाट उघडणाऱ्या माणसाच्या प्रकृतीला मात्र बरे नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतल्या कितीतरी तळमजल्यांवरची कार्यालये पाण्यात गेली. त्या दिवसांत भिजलेल्या फायली उन्हात पसरून वाळवण्याची धडपड अनेकांनी केली असेल, पण ऊन नव्हतेच, आणि ओल्या कागदावर साधारण अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू लागते. अशा वेळी जे तातडीने वाळवता येत नाही ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठवून ठेवणे हा जगभर मान्य झालेला उपाय आहे. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि मग सवडीने थोडे थोडे सोडवता येते. एखाद्या शीतगृहाशी आधीच बोलून ठेवणे हे मुंबईतल्या महाविद्यालयाला अशक्य नाही, परंतु आपत्ती व्यवस्थापनाच्या फलकावर अग्निशमन दलाच्या क्रमांकाखाली अशी ओळ मी अजून पाहिलेली नाही.

माणसांनी प्रेमाने केलेले उपचारही निस्तरावे लागतात. फाटलेल्या पानाला लावलेली सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून आपला डाग मागे ठेवते. लॅमिनेशन केलेले प्रमाणपत्र पुन्हा मोकळे करता येत नाही. ऐंशीच्या दशकात चिकट पानांचे आणि वर पारदर्शक पापुद्रा असलेले अल्बम फार लोकप्रिय होते, त्यांच्या गोंदाने छायाचित्रांची पाठ धरून ठेवली आहे; ओढून काढू नयेत, पानासह छायाचित्रण करून घ्यावे. त्यामानाने साठच्या दशकातले काळ्या पानांचे, कोपऱ्यांत छायाचित्र अडकवलेले अल्बम उत्तम स्थितीत आहेत.

कोणते कागद कोणाला दाखवायचे, हा प्रश्न कपाटांपेक्षा अवघड आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५चा आहे, पण खासगी संस्थेने चालवलेल्या महाविद्यालयाच्या कपाटापर्यंत त्याचा हात सहज पोहोचत नाही. त्याच वर्षीचा माहितीचा अधिकार अधिक कामाचा आहे, कारण त्याच्या कलम ४मध्ये अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकित ठेवण्याचे कर्तव्यच सांगितले आहे. विश्वस्तांना इतिहासाच्या नावाने जे पटत नाही ते या कलमाच्या नावाने पटते, असा माझा अनुभव आहे. मात्र सूची करणे वेगळे आणि उघडे करणे वेगळे. नोंदवहीत जात आहे, अर्जांत वडिलांचे उत्पन्न आहे, शिस्तपालन समितीच्या वहीत एकोणीस वर्षांच्या मुलांच्या चुका आहेत, आणि ती मुले आज साठीची आहेत, याच भागात राहतात, त्यांची नातवंडे याच महाविद्यालयात येतात. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमात संशोधन आणि अभिलेखजतन यांसाठी अटींसह सवलत आहे, तेव्हा कायदा आडवा येतो असे नाही. तरीही आम्ही शिस्तपालनाच्या वह्या बंद ठेवल्या आहेत आणि नोंदवह्यांतून अभ्यासकाला रकान्यांची गोषवाऱ्यासारखी माहिती मिळेल, नावे मिळणार नाहीत, असे ठरवले आहे. यावर एका तरुण संशोधकाशी माझा बराच वाद झाला. जात लपवून शिक्षणाचा इतिहास कसा लिहिणार, हा त्याचा मुद्दा बरोबर होता, म्हणूनच नावाशिवाय जात आणि व्यवसाय यांचे रकाने खुले ठेवण्याची तडजोड झाली.

कागदांत जे नसते ते शिपायांना ठाऊक असते. प्रयोगशाळेतले सहायक, ग्रंथालयातले परिचर, कँटीन चालवणारे कुटुंब, यांच्या मुलाखती प्राचार्यांच्या मुलाखतींआधी घ्याव्यात असा माझा आग्रह आहे, कारण प्राचार्यांचे मनोगत आधीच स्मरणिकेत छापून आलेले असते. प्रश्न सोपे विचारावेत: पहिली घंटा कोण देत असे, किल्ल्या कोणाकडे असत, दंगलीच्या दिवसांत महाविद्यालय कसे बंद केले, परीक्षेच्या रात्री उत्तरपत्रिकांजवळ कोण झोपले. बोलणाऱ्याची लेखी संमती घ्यावी आणि काय खुले करायचे ते त्याच्यावर सोपवावे. स्त्रियांचे आवाज आणि छायाचित्रे जपण्यासाठी ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८पासून मुंबईत काम करते आहे. मुलाखत कशी जतन करावी हे शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही.

जुने स्कॅन करून टाका म्हणजे झाले, असा सल्ला माजी विद्यार्थी नेहमी देतात आणि त्यासाठी पैसेही देऊ करतात. पैसे घ्यावेत. फक्त सूची आधी आणि स्कॅनिंग नंतर, ही अट घालावी. नाहीतर ‘आयएमजी’ने सुरू होणाऱ्या हजारो निनावी फायली एका हार्डडिस्कमध्ये पडतात आणि ती डिस्क एका कपाटात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक या शहराच्या पावसाबाहेर, हा हिशेब साधा आहे.

सगळ्यांत मोठी पोकळी मात्र जुन्या काळात नाही. साठच्या दशकातला प्रवेशअर्ज शाईने लिहिलेला आमच्याकडे आहे. अलीकडच्या वर्षांतले प्रवेश ऑनलाइन झाले, ती माहिती एका खासगी कंत्राटदाराच्या संगणकावर आहे आणि कंत्राट बदलले की तिचे काय होते याविषयी करारात एक अक्षरही नाही. सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, सभांची इतिवृत्ते कोणाच्या तरी लॅपटॉपवर असतात, आणि टाळेबंदीतल्या दीड-दोन वर्षांत महाविद्यालय कसे चालले याचा एकही कागद कार्यालयात निर्माण झालेला नाही. म्हणून सध्या अर्धा वेळ जुन्या खोक्यांना आणि अर्धा वेळ याला, अशी वाटणी केली आहे. प्रत्येक विभागप्रमुखाने वर्षाअखेर आपल्या गटावरच्या सूचनांचा उतारा आणि सभांची इतिवृत्ते छापून, सही करून द्यायची. प्रवेशाच्या माहितीची प्रत संस्थेला साध्या तक्त्याच्या रूपात मिळालीच पाहिजे, असे कलम पुढच्या कंत्राटात घालायचे. हिशेबनीसांनी कलमाचा मसुदा केला आहे. तो आता कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर आहे, स्मरणिका समितीच्या विषयाच्या लगेच खाली, कारण पुढच्या वर्षी आणखी एक महोत्सव येतो आहे आणि या खेपेला अल्बम मुद्रकाकडे जाणार नाहीत, मुद्रक कॅमेरा घेऊन अल्बमकडे येईल, एवढे त्या समितीकडून मी लेखी घेतले आहे.